मिस आणि अक्का

रविवार, संध्याकाळ

सोसायटीत कामाला येणाऱ्या बायकांना मी तीन महिने कन्नड वाचायला शिकवतेय. तक्ते माझे, गृहपाठ माझा. शेजारची वसुधा चार रविवार येते काय, नुसती ऐकत बसते काय! तरी मी "मिस" आणि ती "अक्का".

आज वर्ग सुटल्यावर मंजुळाने बसवरची पाटी वाचली, देवनहळ्ळी. मी टाळ्या वाजवल्या, तर ही वसुधाच्या गळ्यात! "अक्का, आता लेकीकडे एकटी जाईन."

लेक देवनहळ्ळीला असते? मला कधी बोलली नाही.

वसुधा म्हणाली, "अगं, मी विचारलं होतं, वाचायला कशाला शिकतेस म्हणून."

अक्का म्हणे! जळफळाट होतोय नुसता. तीन महिन्यांत मी काय विचारलं? गृहपाठ झाला का.