रुतलेल्या जीपमध्ये केलेली वाटणी

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकसष्ट, धंदा फोटो स्टुडिओ, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, उन्हाने फिरलेले नाही, आणि हे मृत्युपत्र कोणी माझ्याकडून बळजबरीने लिहून घेत नाही. बळजबरी असलीच तर ती मिठाची. आमची जीप या पांढऱ्या वाळवंटात मिठाचा पापुद्रा फोडून खालच्या चिखलात आसापर्यंत रुतली आहे. मी, माझे यजमान आणि ड्रायव्हर असे तिघे कालपासून इथे अडकलो आहोत. पाणी कॅनच्या तळाशी गेले आहे.

कसे अडकलो तेही नोंदवते, म्हणजे उद्या कोणी ड्रायव्हरला बोल लावणार नाही. गाड्यांची पक्की चाकोरी होती, तो बिचारा तिच्यातूनच चालला होता. यजमानांना मात्र चाकाचा एकही व्रण नसलेला फोटो हवा होता. "चाकोरी सोड, लांबून वळसा घे. फ्रेममध्ये रेघ येता कामा नये."

"साहेब, तिकडे जमीन पोकळ आहे," ड्रायव्हर म्हणाला.

ज्यांना जन्मात कोणाला नाही म्हणता आले नाही, ते नेमके तेव्हाच हट्टाला पेटले. आता आम्ही रस्त्यापासून इतके दूर आहोत की जाणारी गाडी आम्हाला दिसत नाही आणि आम्ही तिला. फोटो स्वच्छ आला असेल.

१. राहते घर व खालचा स्टुडिओ, दोन्ही माझ्या वडिलांनी माझ्या नावे केलेले, माझ्या मुलीला मिळावे. मी न लिहिता गेले तर त्यातला निम्मा वाटा यजमानांकडे जाईल, आणि तिथून आठवड्याच्या आत माझ्या धाकट्या दिरांकडे. "दादा, माझ्यासाठी एवढं कराच," असे दीर म्हणाले की यांची मान हललीच म्हणून समजा. दिरांना तिथे चपलांचे दुकान काढायचे आहे. मुलगी शाळेत असल्यापासून डार्करूममध्ये माझ्याशेजारी उभी राहून प्रिंट धुते, आणि तिचा हात माझ्याहून हलका आहे. तिच्या ट्रे-बाटल्या फुटपाथवर आलेल्या मला मेल्यावरही बघवणार नाहीत.

२. रिटचिंगच्या पेन्सिली, ब्रश व काचेचे टेबलही तिलाच. त्या टेबलापाशी, खिडकी नसलेल्या खोलीत, मी आयुष्यभर लोकांच्या सुरकुत्या पुसल्या. एकदा मोकळे आकाश बघायचे म्हणून इथे आले. आकाश भरपूर आहे, पण जीपच्या सावलीबाहेर पाय टाकायची सोय नाही. त्या खोलीत निदान नळ होता. मला फार भीती वाटते आहे. हे कायद्याच्या भाषेत कसे लिहितात ते मला माहीत नाही.

३. नणंदेला तिच्या लग्नातली निगेटिव्ह द्यावी, पेन्सिल न लावलेली, दोन्ही हनुवट्यांसकट. "वहिनीचं काय, नुसती पेन्सिल फिरवायची," असे ती चारचौघांत म्हणाली होती.

४. यजमानांना कॅमेरा, सगळी भिंगे, या वाळवंटाचे सर्व फोटो, आणि माडीवरची खोली त्यांच्या हयातीपर्यंत.

इथवर लिहिले आणि घोडे अडले. माझ्या मामांच्या मृत्युपत्रावर मामींनी साक्षीदार म्हणून सही केली होती. साक्षीदाराला त्या कागदातून काही घेता येत नाही, असे सांगून वकिलांनी मामींचा वाटा बाद ठरवला. साक्षीदार दोन लागतात, आणि इथे माझ्याखेरीज माणसेच दोन आहेत. यांची सही घेतली तर कलम चार जाते. न घेतली तर सगळा कागदच कुचकामी, आणि स्टुडिओत चपला.

ड्रायव्हर धुरासाठी स्टेपनी जाळत होता आणि हे त्या धुराचा फोटो काढत होते. मी हाक मारली आणि सगळे वाचून दाखवले.

"अहो, सही केलीत तर तुम्हाला काहीच नाही. खोलीसुद्धा नाही. पोरगी ठेवेल तसं राहायचं."

"आणि धाकटा आला मागायला तर?"

"सांगा, माझ्या हातात काही नाही."

यांनी भिंगावर झाकण बसवले. मग स्वतःशीच, "माझ्या हातात काही नाही," असे दोनदा म्हणून पाहिले. इतके सुटल्यासारखे मी त्यांना कधी पाहिले नव्हते. पेन मागून घेतले.

मला गलबलून आले. म्हटले, "कोणी आलं आणि आपण सुटलो, तर हे फाडून टाकू."

"फाडू नकोस गं," हे म्हणाले. "सुटलो तरी राहू दे."

सबब कलम चारवर मी आडवी रेघ मारली आहे. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: जीपची मागची सीट.
तारीख: कागद कॅलेंडरचा आहे, मागच्या बाजूला आजच्या तारखेभोवती गोल केला आहे.

(सही) लिहून ठेवणार

साक्षीदार १: (सही) ड्रायव्हर. सही करताना म्हणाला, "करतो ताई, पण माझ्या गाडीत मरायचं नाही हं."

साक्षीदार २: (सही) लिहून ठेवणारीचा नवरा. रेघ मारलेले कलम मी वाचले आहे. ही रेघ राहू द्यावी.