गुळाचा नवस

ती. सौ. आईस,
अंबत्तूरहून त्र्यंबकचा साष्टांग नमस्कार.

मी पुन्हा कामावर जातो, जेवण जातं, काळजी नसावी. बाबांचा गुडघा कसा आहे?

पण आई, "पोरगा ठणठणीत झाला" असं गावभर सांगणं आता पुरे कर. आयसीयूतून सुटलो, तरी डोळा लागला की घशात नळी आहे असं वाटून ओरडत उठतो. मनाच्या डॉक्टरांकडे जातो, म्हणून काही वेडा झालो नाही. फोनवर म्हणालीस, "देवीपुढे गुळाने तोललं की सगळं जाईल." अगं, तू केलेला नवस मी फेडीनच. पण आत्ता सगळ्यांसमोर पारड्यात बसून हसायला मला जमणार नाही. आणलेला गूळ दुकानदाराला परत कर.

त्यापेक्षा तूच इकडे ये आणि चार दिवस माझ्याजवळ झोप.

तुझा,
त्र्यंबक