तिसऱ्या रांगेसकट

मी, या शहरात भोंगेवाले काका म्हणून ओळखला जाणारा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा लाउडस्पीकर भाड्यानं देण्याचा (आता बंद), हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. बायको होती तोवर होता, आणि तो मला मानवायचा. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कानांचा दाखला कोणी देत नाही. पण हे लिहीत असताना सूनबाई दाराबाहेर चहा घेऊन उभी आहे आणि आत यावं की नाही याचा विचार करते आहे, एवढं मला कपबशीच्या किणकिणीवरून कळतं.

यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. माझी सर्व मिळकत स्वकष्टार्जित आहे. वडिलांकडून मला फक्त मोठा आवाज मिळाला, तो मी आयुष्यभर दुसऱ्यांना भाड्यानं दिला.

कलम १. राहतं घर आणि खालचं दुकान सून आणि मुलगा यांना निम्मं निम्मं. सुनेचा उल्लेख आधी असावा. वकीलसाहेब म्हणाले, "काका, क्रमानं हक्कात काही फरक पडत नाही." मी म्हटलं, "मग लिहायला तुमचं काय जातं?"

कलम २. बँकेतली ठेव मुलीला. शाळेत तिला "भोंग्याची पोर" म्हणून चिडवायचे. तिनं घरी कधी तक्रार केली नाही, आणि या ठेवीबद्दलही ती कधी विचारणार नाही. म्हणून तिलाच.

कलम ३. अ‍ॅम्प्लिफायर, वायरी, स्टँड आणि मोठा भोंगा समोरच्या फुटपाथवरच्या माझ्या व्यवसायबंधूला द्यावा. नगराध्यक्षांचं भाषण ऐन रंगात असताना त्यानं माझी वायर काढून स्वतःची लावली होती. तेव्हापासून आमचं बोलणं नाही. तो भोंगा त्यानं माणसं पाठवून अनेकदा मागितला, मी दिला नाही. आता न्यावा. भोंग्याचा आवाज फाटला आहे, हे मी सांगणार नाही. त्यालाही कान आहेत.

कलम ४. आता खरी मिळकत. दुकानाच्या मागच्या खोलीत कपाटभर टेपा आहेत. वाचनालयाच्या सभागृहात झालेल्या जवळजवळ प्रत्येक मैफलीची टेप त्यात आहे. टपाल वाटून आलेला पोस्टमन तिथे खाकी कपड्यांतच बासरी वाजवायला बसायचा. व्हायोलिन वाजवणाऱ्या दोघी बहिणी आपसांत भांडून यायच्या, आणि ते भांडण वाजवताना मिटलेलं मी ऐकलं आहे. आणि गाणाऱ्या बाई. त्यांच्याबद्दल मी काय लिहू? त्यांनी पहिला स्वर लावला की मी अ‍ॅम्प्लिफायरचं बटण हळूच खाली आणायचो. त्यांच्या आवाजाला माझी गरज नव्हती, आणि हे ओळखण्याचेच मला पैसे मिळत होते असं मी धरून चाललो.

माझी पद्धत अशी, की एक माइक गाणाऱ्यासमोर आणि दुसरा तिसऱ्या रांगेकडे तोंड करून खांबाला बांधलेला. इतर लोक हसायचे. पण या शहराचं गाणं नुसतं स्टेजवर होत नव्हतं. तिसऱ्या रांगेला एक मान होता. तिथे बसलेल्या कोणीही "परत" म्हणायचं, आणि गाणाऱ्यानं तीच ओळ पुन्हा घ्यायची, पण वेगळ्या वाटेनं. त्या रांगेत शिंपी असायचे, दाताचे डॉक्टर असायचे, भाजीवाल्या मावशी टोपली खुर्चीखाली सरकवून बसायच्या. उगाच कोणी "परत" म्हणत नसे. म्हटलं, की गाणारा खुलायचा. बाहेरगावचे मोठे मोठे लोक त्या रांगेला घाबरून आले आणि तिच्या प्रेमात पडून गेले.

माझ्या मुलाचा स्टुडिओ आहे. त्याचा हात माझ्याहून सफाईदार आहे, हे मी इथे लेखी देतो. गेल्या वर्षी बाईंच्या जन्मशताब्दीला त्यानं त्यांच्या शेवटच्या मैफलीची टेप साफ करून त्याच सभागृहात ऐकवली. खोकले काढले, खुर्च्यांची करकर काढली, आणि त्याबरोबर तिसरी रांगही काढली. आवाज काचेसारखा झाला. पण बाई एक ओळ गातात, थांबतात, परत तीच घेतात, परत थांबतात. "परत" म्हणणारं कोणी उरलंच नव्हतं. माझ्या मागून कोणीतरी हळहळलं, "शेवटी शेवटी बाईंना आठवत नव्हतं वाटतं." बाईंची शिष्या पुढे बसली होती. ती मध्येच उठून गेली.

मुलगा घरी आला तो खुशीत. "बाबा, एक खोकला शिल्लक ठेवला नाही."

मी म्हटलं, "बाईसुद्धा ठेवल्या नाहीस."

त्यावर आमच्यात बरेच दिवस फक्त "जेवायला बसा" एवढंच बोलणं झालं, तेही सुनेमार्फत. आता एका कंपनीला सगळ्याच टेपा तशा साफ करून हव्या आहेत. कराराचा कागद माझ्या सहीसाठी टेबलावर पडून आहे. मी सही केलेली नाही.

वकीलसाहेब म्हणाले, "शिष्येला देऊन टाका, प्रश्न मिटला." मिटत नाही. टेपा जुन्या झाल्या आहेत, त्यांना हात लावायचा तर मुलाचाच लावावा लागेल. आणि त्यात काय आहे हे तिच्याइतकं कोणाला कळत नाही. म्हणून सर्व टेपा दोघांना मिळून द्याव्यात. अट अशी, की प्रत्येक टेप दोघांनी शेजारी बसून आधी संपूर्ण ऐकावी आणि मगच तिची प्रत करावी, तीही तिसऱ्या रांगेसकट. ज्याला ऐकायचं असेल त्याला मागच्या खोलीत येऊन फुकट ऐकता यावं. सर्वांत आधी, माझ्या पश्चात, बाईंची ती मैफल आहे तशी सभागृहात लावावी. ती लागेपर्यंत मुलानं दुसऱ्या टेपेला हात लावू नये.

कलम ५. कलम ४ मी काल मुलाला वाचून दाखवलं. त्यानं कागद माझ्या हातातून घेऊन एकदा स्वतः वाचला. मग म्हणाला, "बाबा, तुमच्या पश्चात कशाला? तेव्हा लावली तर लोक तुमच्यासाठी येतील. बाईंसाठी नाही."

मुद्दा बिनतोड आहे. तेव्हा "माझ्या पश्चात" हे शब्द रद्द समजावेत. मैफल याच महिन्यात लागेल. सभागृह त्यानं सकाळीच ठरवलं, आणि कराराचा कागद टेबलावरून उचलून नेला.

नंतर त्यानं बाईंच्या शिष्येला फोन लावला. "ताई, माझं चुकलं," एवढं मला ऐकू आलं. ती पलीकडून काय म्हणाली तेही मला सहज ऐकू आलं असतं. पण मी उठून बाहेर गेलो आणि जाताना दार लावून घेतलं.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

सही : भोंगेवाले

साक्षीदार :
१. दाताचे डॉक्टर. "काकांनी माझ्यादेखत सही केली. हात थरथरला नाही."
२. शिंपी, सभागृहाच्या गल्लीतले. "माझ्याही देखत. मैफलीला येतो आहे."

ठिकाण : दुकानाची मागची खोली
दिनांक : ६ फेब्रुवारी २०२०