तलवारीआधीचं पान

प्रिय अण्णा,

हे पत्र घेऊन येणाऱ्या भगवंतरावांना आधी कॉफी दे. म्हैसूरपर्यंत बसून त्यांची कंबर धरली असेल. त्यांच्याजवळचं लांबट गाठोडं मात्र हे वाचून होईपर्यंत सोडू नकोस. फोन का केला नाहीस म्हणशील. फोनवर माझा आवाज कापतो आणि शुभदा आतून ऐकत असते.

तुझ्या लाडक्या पुतण्याबद्दल लिहायचंय. अभिमन्यू हल्ली एचएसआर भागातल्या ऑफिसातून आला की जेवायच्या आधी देवघरातली तलवार घेऊन बसतो आणि खोबरेल लावून गंज घासतो. आपल्याकडे ती म्यानातच पुजतात, यंदा त्यानं ती उपसली. मी गीझर लावतानाही पायात चप्पल घालणारा माणूस, तलवारबहाद्दरांच्या वंशात हा कुठून आला असं आप्पा म्हणायचेच. पण अण्णा, तो घासण्याचा आवाज आला की मी खरंच उठून टीव्ही मोठा करतो.

गोष्ट तीच आहे, तू त्याला मांडीवर घेऊन सांगायचास ती. आपला मूळपुरुष फौजेबरोबर आला, होसकोटेजवळच्या गढीची वेस त्यानं एकट्यानं जिंकली आणि म्हणून आपण इथले झालो. अभिमन्यूनं तिचा व्हिडिओ केला, मागे नगारे लावले. पुण्याहून नोकरीला आलेल्या त्याच्या मित्रांना तो इतका आवडला की दसऱ्याला सगळे मोटारसायकलींवरून त्या वेशीपर्यंत मिरवत जाणार आहेत. पुढे हा, हातात नंगी तलवार घेऊन.

नंजुंडा आठवतो ना? अभिमन्यू कोरमंगलाच्या पीजीत होता तेव्हा त्याच्या खोलीत राहायचा, आपल्याकडे हक्कानं जेवायचा, शुभदाला अम्मा म्हणायचा. तो त्या वेशीच्याच गावचा. वेशीजवळच्या वीरगळावर कोरलेला माणूस म्हणजे त्यांचा पूर्वज. मग त्यानंही व्हिडिओ केला. त्यांच्या गोष्टीत त्या पूर्वजानं एकट्यानं लुटारूंची फौज परतवली आणि म्हणून गाव राहिलं. वेस एकच, रात्र एकच आणि जिंकलेले मात्र दोघेही. इतकी वर्षं दोन्ही गोष्टी आपापल्या घरी सुखानं नांदत होत्या. आता नंजुंडानं त्याला लिहिलंय, ‘बा मगा, आम्ही दगडापाशीच आहोत.’ याच ‘बा मगा’नं, ‘ये रे पोरा’ म्हणत, ते एकमेकांना डोसा खायला बोलवायचे. पोरं दोन्हीकडची विशी-पंचविशीची आहेत आणि मला आता झोप लागत नाही.

मी समजवायला गेलो. स्वल्प थांब, म्हटलं. तर म्हणाला, ‘बाबा, दुकानात मला विचारतात तू कुठला, ऑफिसातली मराठी मुलं माझ्या मराठीला हसतात. ही गोष्ट सोडली तर माझ्याकडे आहे काय?’ घरंच काय, देशसुद्धा अशाच एखाद्या पहिल्या गोष्टीवर उभे राहतात, आणि तिच्यातलं काय गाळलं असं विचारणारा घरभेद्या ठरतो. मी तो ठरलो.

परवा शुभदा खंडेनवमीचा बेत ठरवत होती. तलवारीच्या आधी एक पान वाढतो आपण, रागीमुद्दे आणि सारूचं. अभिमन्यू म्हणाला, ‘आपल्या तलवारीला नाचणीचे गोळे कसले वाढता, पुरणपोळी वाढा.’ ते पान तलवारीचं नाहीच, हे त्याला माहीत नाही. आप्पांनी आपल्याला सांगितलं होतं. वेस पडली त्या रात्री पहारेकऱ्याची आई त्याचं जेवण घेऊन आली. अंधारात कण्हणारा तिला आपला मुलगा वाटला आणि तिनं मुद्दे मोडून त्याला भरवले. तो आपला मूळपुरुष होता. उजाडल्यावर तिनं पलीकडे पडलेला मुलगा पाहिला, पण आपल्या मूळपुरुषापुढचं पान काढून घेतलं नाही. हे कोणासाठी आणलं होतं तेवढं विसरू नकोस, म्हणाली. त्यानंतर त्यानं तलवार कधी उपसली नाही. पोर रडेल म्हणून तू दरवेळी वेस जिंकली की थांबायचास. नंजुंडाच्या गोष्टीतही ही आई नाही.

मी हे अभिमन्यूला सांगितलं. भीतीपोटी मी रचलं असं त्याला वाटलं, आणि मी भित्रा आहेच. म्हणून गाठोड्यात तलवार आहे, शुभदाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. देवघर रिकामं पाहून तो तडक तुझ्याकडे येईल. त्याला आधी पानावर बसव, मुद्दे वाढ आणि तू गाळलेली गोष्ट तुझ्या तोंडानं सांग. तुझं तो खरं मानतो. तलवार द्यायची की नाही, ते मग तू ठरव. तो माझ्यावर चिडेल याची मला भीती नाही. सगळं ऐकून, पानावरचं जेवून, हात धुऊन तो पुन्हा तलवारच मागेल, याची आहे.

तुझाच भित्रा,
दत्ता