वरचा सांबार

माय, आज मी चोर ठरता ठरता वाचले, आणि अजून छाती धडधडतेय ती भीतीने नाही, आनंदाने. हे तुलाच सांगायला हवं, दुसऱ्या कुणाला त्यातली गंमत कळायची नाही. हिंगणघाटला हायवेवर एक मोठं दुकान झालंय. तिथे कुणी काही हातात देत नाही. टोपली आपण घ्यायची, भाजी आपण निवडायची, काट्यावर आपणच ठेवायची, पडद्यावरचं चित्र दाबलं की स्टिकर निघतं ते आपणच चिकटवायचं, आणि दाराशी मशीनपुढे उभं राहून बिलही आपणच करायचं. तुझ्या भाषेत, गिऱ्हाइकाला कामाला लावायचं.

तुझं ते बोलणं मला लख्ख ऐकू येतं. पुलगावचा बाजार, नाचणगावच्या मळ्यातली वांगी पोत्यावर मांडलेली, आणि मी शाळेतून थेट तुझ्याजवळ येऊन बसलेली. तुझी धांदल पाहून मी एका बाईंपुढे तागडी सरकवली, घ्या म्हटलं तुम्हीच निवडून, तोलून. तू तागडी हिसकावलीस. "ते बाई बजारात आली, वावरात निंदाले नाई आली. काऊन लावून राह्यली तिले कामाले?" मग बाईंच्या थैलीत तोललेली वांगी गेली आणि वरून, न तोलता, चिमूटभर हिरवागार सांबार आणि दोन मिरच्या. ते वरचं दिल्याशिवाय तू गिऱ्हाईक सोडायची नाहीस. मला मात्र त्यानंतर तागडीला हात लावू दिला नाहीस. "तागडी माह्या हाती, पाटी तुह्या हाती," एवढंच. पाटीने माझं भलं केलं, शिक्षिका होऊन निवृत्तही झाले, पण तागडीची हौस राहिली ती राहिलीच.

तर आज मी काट्यापुढे उभी आहे. वांगी ठेवते, आकडा हलतो, स्थिरावतो, स्टिकर बाहेर येतं. काय सांगू, किती बरं वाटलं! आणि हात आपसूक शेजारच्या टोपलीत गेला. पाटीवर कोथिंबीर लिहिलेलं, म्हणजे आपला सांबारच. वांग्यांवर चिमूटभर सांबार, दोन मिरच्या. झालं! दाराशी मशीनने लाल दिवा लावून बोंब ठोकली. दुकानाचा गणवेश घातलेली एक मुलगी धावत आली आणि पिशवीत डोकावली.

"काकू, याचं स्टिकर कुठं हाय?"

"ते वरचं हाय."

"वरचं म्हंजे?"

तिला माहीतच नव्हतं गं! मागे रांग थांबली, कुणीतरी च्यक् केलं, आणि जन्मभर पोरांना खरं बोलायला शिकवणारी मी तिथे चोरासारखी उभी. मग मात्र माझं तोंड सुटलं. "हे पाय पोरी, निवडलं मी, तोललं मी, बिल मी करून राह्यली, थैली मी भरली. मंग दुकानदार कोण झालं? मीच! दुकानदार गिऱ्हाइकाले वरून देते का नाई? मी मलेच देल्लं!" रांग खदखदून हसली. मागचे एक धोतरवाले बाबा म्हणाले, "बराबर हाय बाईचं. मजुरी नाई देत तं मिरची तरी द्या!"

मुलगीही हसली. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "काकू, पहिले तोलाले इथं आमी चौघीजणी होतो. आता मी एकटीच, मशीन अडली का धावा लागते. असं काई गेलं तं बोलणी मलेच बसते." माझं अवसानच गळालं. दुसऱ्याच्या जिवावर वरचं वाटणं हे काही तुझं शिकवणं नव्हे. मी परत गेले, सांबार-मिरची तोलली, स्टिकर लावलं, बिल केलं, आणि सांबार तिच्या मुठीत दिला. म्हटलं, हे घे, वरचं. तिने एकदा कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग मूठ नाकाशी नेली. "अखीन येजा काकू," म्हणाली.

हे लिहिलेलं कुठे टाकणार मी? तू गेलीस तिथला पत्ता कुणाजवळ आहे? राहील इथेच, गादीखाली. एक मात्र कबूल करते. त्यांनी मला फुकटात राबवून घेतलं, हे सगळं कळूनही मला राग येत नाहीये. घरात वांगी अजून पडून आहेत, तरी उद्या मी पुन्हा जाणार आहे. तागडी हाती आली ना, माय.