कॅमेरा बघतं कोण

अप्पा,

तुम्ही गेल्यावर कितीतरी वर्षांनी आपल्या मळमड्डीतल्या गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबाला कॅमेरा बसला, नेमका आपल्या फाटकाकडे तोंड करून. बायकांच्या सुरक्षेसाठी आहे म्हणत नगरसेवकांनी पेढे वाटले आणि मीही एक खाल्ला. मग शेजारच्या निवृत्त शिक्षिकाबाईंच्या गळ्यातली साखळी भरदुपारी त्याच खांबाखाली कोणीतरी ओढून नेली. आम्ही दोघी पोलीस ठाण्यात गेलो, तर म्हणे त्या दिवशी कॅमेरा बंद होता. त्याच आठवड्यात गल्लीतली चार माणसं नळाच्या पाण्याची तक्रार लिहायला आपल्या व्हरांड्यात बसली होती. दुसऱ्या दिवशी ठाण्यातला ओळखीचा हवालदार बाजारात भेटून हसत विचारतो, काल घरी कसली मीटिंग होती, लाल स्कूटरवरून कोण आलं होतं? चोर आला की झोपणारा हा कॅमेरा पाहुणे आले की बरा जागा असतो. मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. हे चित्रण कोण बघतं आणि कोणाच्या हुकमानं, एवढंच विचारलं.

तुम्ही हुबळीच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक कॉल जोडायचात. लहानपणी एकदा तुमच्या ताटाशेजारी बसून मी विचारलं होतं, लोक फोनवर काय काय बोलतात हो? तुम्ही हातातली भाकरी खाली ठेवलीत. "दोन्हीकडनं हॅलो आलं की खटका पाडायचा आणि आपण बाजूला व्हायचं. पुढचं त्यांचं. हे परत विचारायचं नाही." मला रडू आलं होतं. हुबळी सोडून आपण अळणावरला का गेलो ते आईनं फार उशिरा सांगितलं. एक साहेब तुमच्या खुर्चीमागे उभे राहून एका वकिलाच्या लाइनीवर कान ठेवायला सांगत होते आणि तुम्ही लेखी हुकूम मागितलात. लेखी आली ती बदली. आई त्यावरून शेवटपर्यंत धुसफुसत होती, आणि खरं सांगते, मलाही तुमचं जरा अतिच वाटायचं.

अर्ज टाकल्यावर तो हवालदार घरीच आला. व्हरांड्यात बसून चहा घेतला, गुडघेदुखीची चौकशी केली, आणि उठता उठता म्हणाला, "अक्का, तुम्हाला कशाला पायजे हे सगळं? मुलगी परदेशी चाललीय म्हणे. पासपोर्टची चौकशी आमच्याकडंच येतीय की." आवाज अगदी मऊ. मुलीची नोकरी पक्की झाली आहे, हे मी गल्लीत कोणालाच सांगितलं नव्हतं. रात्री ती मला म्हणाली, आई, तो अर्ज मागे घे, माझ्या जन्माचं नुकसान करू नको. मी नाही म्हटलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

नंतर पासपोर्ट आला, तोही बिनबोभाट. मला आनंद व्हायला हवा होता, पण मनात पाल चुकचुकली. कचेरीत जाऊन अर्जाचं विचारलं तर कारकून म्हणाला, तुम्हीच मागे घेतलाय की. सही दाखवा म्हटलं तर फाइल वर गेलीय म्हणे. आता अर्ज मागे घेतल्याचा तो कागद पोलिसांनी केला की माझ्या मुलीनं, मला माहीत नाही. ती पूर्वीसारखीच हसते, माझ्या गोळ्या आठवणीनं काढून ठेवते. ती फोनवर बोलत बाहेर गेली की मी मात्र पडद्याआड उभी राहते. तिला सरळ विचारायची हिंमत होत नाही. ती हो म्हणाली तर मी काय करू? आणि नाही म्हणाली तर मी विश्वास ठेवीन का?

हे पत्र तिच्या हाती लागू नये म्हणून लिहून झालं की फाडणार आहे. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं. काल ती आंघोळीला गेली तेव्हा मी तिचा फोन उघडून तिचे सगळे निरोप वाचले. अर्जाबद्दल त्यात काही नव्हतं. तरी आज ती कधी आंघोळीला जाते याची मी वाट बघते आहे.