बाटलीतलं शून्य

रेणापूर, चैत्र, टँकरचा दिवस

आज टँकरवर शेजारच्या गंगूनं माझ्या नातीच्या, सुमीच्या कपाळात कळशी हाणली. रगत आलं. पोरगी पडली ती उठंना. उठंल कशी? लग्नाआधी बारीक व्हायचं म्हणून काकडीवर दुकानच्या बाटलीतलं सॅलडचं आंबट ओतून तेवढ्यावरच राहिली. त्यात शून्य कॅलरी हाय म्हणं. शून्यावर घागर उचलती का?

म्या गंगूला काठीनं झोडलं आन् घरी येऊन बाटली दगडावर फोडली. चुकलं का? न्हाई. मागच्या दुष्काळात आमी बी मिरचीच्या पाण्यानं पोट फसवलं, पर ते बाटलीत भरलेलं विकत न्हाई आणलं!

कारळाच्या चटणीत खड्डा करून तेल ओतलं. "खा."

"आज्जे, जाड होईन."

"मग हो जाड. उद्या गंगूचा हंडा फोडायचा हाय."

तवा पोरीनं घास घेतला, मग मी हे लिहाया बसले.